घरच्या एस्प्रेसोला प्रिसिजन बास्केट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-बंगळुरूची नोकरी लॅपटॉपवर घेऊन विदर्भातल्या गावी परतलेली पोरं, तालुक्याच्या ठिकाणचे डॉक्टर, एखादा हौशी कृषी केंद्रवाला, अशा मंडळींकडून तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. शहरातला माणूस बास्केट मागवतो आणि लावतो. आपल्याला आधी बोअरचं पाणी आणि संध्याकाळचं व्होल्टेज पाहावं लागतं, म्हणून त्यांनाही इथे जागा दिली आहे. घाईत असाल तर ३, ४ आणि ८ एवढे प्रश्न तरी पैसे भरण्याआधी वाचा.

१. भाऊ, हे बास्केट बास्केट म्हंतेत ते हाय काय, अन् बदलाची कायले?

मशीनच्या दांड्यात, म्हणजे पोर्टाफिल्टरमध्ये, स्टीलची जी वाटी बसते ती बास्केट. तळाला शेकडो बारीक भोकं असतात. दळलेली कॉफी तिच्यात भरायची आणि दाबायची. वरून साधारण ९ बार दाबाने गरम पाणी येतं आणि भोकांतून घट्ट कॉफी, म्हणजे एस्प्रेसो, कपात उतरते.

ही भोकं साधारण ०.३ मिमीची. मशीनसोबत फुकट आलेल्या बास्केटीत ती सगळी सारखी नसतात. काही किंचित मोठी, काही अर्धवट बुजलेली, आणि कडेच्या बाजूला बरीच जागा बिनभोकाची. प्रिसिजन बास्केटीत प्रत्येक भोक ठरलेल्या मापाचं असतं, आतून साफ असतं आणि मांडणी एकसारखी असते. अमेरिकेच्या व्हीएसटीने २०१० च्या सुमारास या बास्केटी चर्चेत आणल्या. इटलीची आयएमएस आणि ऑस्ट्रेलियाची पुलमन ही त्याच क्षेत्रातली दुसरी दोन मोठी नावं.

फायदा दोन प्रकारचा. पाणी कॉफीच्या थरातून जास्त सारखं उतरतं, आणि आज जे केलं तेच उद्या केलं तर उद्याचा कप आजच्यासारखाच येतो. मात्र नुसती बास्केट चव आणत नाही. ती फक्त एक गडबड कमी करते. दळण वाईट असेल तर ते आता जास्त स्पष्ट दिसेल.

२. माझ्या बास्केटला खाली एकच भोक आहे. ती खराब आहे का?

खराब नाही, ती दुहेरी तळाची प्रेशराइज्ड बास्केट आहे. आतल्या तळाला बरीच भोकं आणि बाहेरच्या तळाला एकच. त्या एका भोकामुळे दाब कृत्रिमपणे तयार होतो आणि जाडसर दळणावरही वर फेस येतो. बाजारातली तयार पूड वापरणाऱ्यांसाठी ती सोय केलेली असते.

तुमच्याकडे फक्त हीच असेल तर प्रिसिजनवर उडी मारण्याआधी त्याच मापाची साधी, एकेरी तळाची बास्केट घ्या. ती स्वस्त असते. तिच्यावर पंचवीस-तीस सेकंदांत कपभर एस्प्रेसो उतरवता आली की मग पुढचा विचार. ती उतरवता येत नसेल तर अडचण ग्राइंडरची आहे (प्रश्न ३).

३. बजेट एकच आहे. आधी ग्राइंडर घेऊ की बास्केट?

ग्राइंडर. यात वादाला जागा नाही.

मिक्सरच्या भांड्यात दळलेली कॉफी एस्प्रेसोला चालत नाही, मग पातं कितीही चांगलं असो. त्यात पीठ आणि रवा दोन्ही एकत्र निघतात आणि पाणी रव्याच्या बाजूने पळतं. हाताने फिरवायचे चांगले ग्राइंडर एस्प्रेसोला पुरतात आणि वीज नसताना चालतात, हा आपल्याकडे लहान फायदा नाही. फक्त घेताना एका क्लिकला, म्हणजे दळण जाड-बारीक करायच्या चकतीच्या एका टप्प्याला, दळण किती बदलतं ते विचारा. टाइममोर सी-३ ईएसपीचा एक क्लिक सुमारे २३ मायक्रॉनचा आहे, वनझेडप्रेसो जे-अल्ट्राचा ८ मायक्रॉनचा. जुन्या सी-२ चे क्लिक एस्प्रेसोसाठी फार मोठे पडतात. एका क्लिकवर धार भसाभस आणि पुढच्या क्लिकवर थेंबही नाही, अशी तक्रार बहुतेक त्याच्याच मालकांची असते.

तसा ग्राइंडर आधीच घरात असेल आणि बदलायचा नसेल, तर दोन क्लिकांमधली जागा डोसने, म्हणजे बास्केटीत भरायच्या कॉफीच्या वजनाने, भरून काढता येते. धार थोडी पटकन येत असेल तर ०.३ ते ०.५ ग्रॅम कॉफी वाढवा, थोडी हळू येत असेल तर तेवढीच कमी करा. त्यासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो. सोनाराकडच्यासारखा महागडा नको, खिशात मावणारा छोटा डिजिटल काटा पुरे.

माझा क्रम असा: ग्राइंडर, काटा, पाणी, मग बास्केट. ज्यांच्याकडे संध्याकाळी दिवे पिवळे पडतात त्यांनी पाण्याच्या बरोबरीने स्टॅबिलायझरही धरावा (प्रश्न ११).

४. मशीन ५८ ची की ५१ ची, हे ओळखायचं कसं?

हा आकडा म्हणजे बास्केटचा व्यास, मिमीत. आधी मॉडेलचं नाव पाहा. गॅजिया क्लासिक, रॅन्सिलिओ सिल्व्हिया आणि फेमाच्या १९६१ सालच्या ई-६१ धाटणीच्या मशिनी ५८ मिमीच्या. ब्रेव्हिलची बँबिनो ५४ ची. डेलोंगीची डेडिका ५१ ची. ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच लहान मशिनीही ५१ च्या असतात, पण त्यात इतके प्रकार आहेत की खोक्यावरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका.

खात्री करायची तर बास्केट काढून वर्नियरने आतला व्यास मोजा. घरी वर्नियर नसेल तर तालुक्याच्या लेथवाल्याकडे असतोच, दोन मिनिटांचं काम आहे. तीन मापं लिहून आणा: आतला व्यास, वरच्या कडेचा बाहेरून व्यास आणि पूर्ण उंची. आतला व्यास टॅम्परसाठी (कॉफी दाबायच्या ठोकळ्यासाठी), कडेचा व्यास मशीनला घट्ट बसण्यासाठी (प्रश्न १९) आणि उंची दांड्यात मावण्यासाठी.

पट्टीने किंवा टेपने मोजलेलं माप कळवू नका. आतल्या व्यासातला थोडा फरक टेपवर नीट कळत नाही आणि परत पाठवायचा कुरिअर खर्च बास्केटच्या जिवावर उठतो.

५. १५, १८, २०, २२ ग्रॅम... यातली कोणती घेऊ?

५८ मिमीच्या मशीनला १८ ग्रॅमची. विशेष कारण नसेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

कारण असेल त्यांच्यासाठी: व्हीएसटी ७, १५, १८, २०, २२ आणि २५ ग्रॅमच्या बास्केटी करते आणि प्रत्येकीत त्या आकड्याच्या एक ग्रॅम इकडे-तिकडे एवढीच कॉफी भरायची असते. १८ च्या बास्केटीत १४ ग्रॅम भरून ‘पाणी साचतं, चोथा चिखल होतो’ म्हणून लिहू नका. ती बास्केटची चूक नाही. आयएमएस इतक्या ते इतक्या ग्रॅमची अशी मर्यादा देते आणि नावात उंची सांगते. एच २४.५ म्हणजे २४.५ मिमी उंच, एच २६.५ म्हणजे त्याहून खोल.

भरलेली कॉफी आणि मशीनची पाणी सोडणारी वरची जाळी यांत थोडी मोकळी जागा हवी. दाबलेल्या कॉफीवर एक रुपयाचं नाणं ठेवा, दांडा मशीनला लावा, पाणी न सोडता परत काढा. नाण्याचा ठसा खोल उमटला तर डोस जास्त आहे. हलका उमटला किंवा अजिबात नाही तर ठीक.

मोठ्या बास्केटचा मोह होतो, पण हिशेब करा. रोज दोन कप १८ ग्रॅमचे म्हणजे ३६ ग्रॅम, पाव किलोचं पाकीट आठवडाभर. २२ ग्रॅमने तेच पाकीट सहाव्या दिवशी संपतं. चिकमगळूर किंवा कोडगूहून गावापर्यंत पार्सल यायला किती दिवस लागतात ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय २० च्या वरची खोल बास्केट दोन तोंडांच्या साध्या दांड्यात बरेचदा तळाला टेकते. तिला तळ कापलेला, म्हणजे बॉटमलेस, दांडा लागतो.

५१ च्या मशीनवाल्यांनी १८ च्या मागे लागू नये. तेवढ्या व्यासात १८ ग्रॅम म्हणजे जाड थर, आणि लहान पंपाला तो झेपायला अवघड जातो. १४ ते १६ ग्रॅमवर मजेत राहा.

६. रिजवाली आणि बिनरिजची, असे दोन प्रकार दाखवतात. फरक काय?

रिज म्हणजे बास्केटच्या अंगावरून फिरलेली उंच रेघ. दांड्यातली तारेची स्प्रिंग तिच्यात अडकते आणि चोथा आपटून काढताना बास्केट सोबत पडत नाही. बिनरिजची काढायला-घालायला सोपी. कॉफी दोन्हींत सारखीच उतरते. बिनरिजची सैल बसून चोथ्यासोबत कचऱ्यात जात असेल तर तारेची स्प्रिंग बाहेर काढून थोडी फाकवा आणि परत बसवा.

७. टॅम्पर पण नवा घ्यावा लागेल का?

५८ च्या मशीनला बहुतेक वेळा हो. मशीनसोबत आलेला प्लास्टिकचा टॅम्पर तर टाकूनच द्या. व्हीएसटी आणि आयएमएसच्या बास्केटीत ५८.५ मिमीचा टॅम्पर बसतो. ५८ चा वापरला तर कडेने पाव मिमी कॉफी न दाबता राहते आणि पाणी तिथूनच वाट काढतं.

इथे गावाकडे असण्याचा फायदा आहे. तालुक्याचा लेथवाला ३०४ स्टीलच्या रॉडमधून हव्या त्या मापाचा टॅम्पर काढून देतो. बास्केट सोबत घेऊन जा, तिच्यात बसवून पाहा, अडकत असेल तर त्याला अजून थोडा कातायला सांगा. तळ सपाट आणि कडा धारदार असू दे, पॉलिश नसलं तरी चालेल. मूठ सागाची करा. आलापल्लीच्या सागवानाचा तुकडा कुठल्याही सुताराकडे पडलेला असतो आणि ती मूठ हातात जशी बसते तशी विकतच्या टॅम्परची बसत नाही.

५१ आणि ५४ वाल्यांनी टॅम्पर मागवण्याआधी मोजलेला आतला व्यास (प्रश्न ४) हाताशी ठेवावा. तिथे कंपनीगणिक अर्धा-अर्धा मिमी फरक पडतो.

८. नवी बास्केट लावली अन् कॉफी दहा सेकंदांत वाहून गेली. मले फसवलं का?

नाही भाऊ, फसवलं नाही. सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे.

प्रिसिजन बास्केटीत सगळी भोकं पूर्ण उघडी असतात, त्यामुळे पाण्याला अडथळा कमी. जुन्या बास्केटला बरोबर असलेलं दळण हिला जाड पडतं. दळण बारीक करत जा, एका वेळी एकच क्लिक, आणि डोस तोच ठेवा. १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅम एस्प्रेसो २५ ते ३० सेकंदांत उतरावी, हे सुरुवातीचं लक्ष्य. मग जिभेला विचारा. आंबट आणि पातळ लागली तर अजून बारीक करा किंवा कपात थोडी जास्त उतरू द्या. कडू आणि घसा सुकवणारी लागली तर थोडी जाड.

एका दिवशी दळण, डोस आणि टॅम्परचा जोर असं तिन्ही बदललं तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

ग्राइंडर सगळ्यांत बारीकवर आला तरी धार भसाभस येत असेल तर दोन शक्यता आहेत. एक, ग्राइंडर एस्प्रेसोचा नाही (प्रश्न ३). दोन, बिया जुन्या आहेत. भाजून तीन-चार महिने झालेली कॉफी थरात पाण्याला फारसं अडवत नाही, मग बास्केट सोन्याची असली तरी.

९. तळ कापलेल्या दांड्यातून कॉफीचे फवारे उडतात, शर्ट खराब होतो. बास्केट खराब?

फवारा म्हणजे पाण्याने थरातून चोरवाट काढली. यालाच चॅनेलिंग म्हणतात. वाफ्याचा दांड एका जागी फुटला की सगळं पाणी तिथूनच जातं आणि बाकीचं पीक कोरडं राहतं. कॉफीच्या थरातही तेच होतं. फुटलेल्या जागची कॉफी जास्त धुतली जाते म्हणून कडू, उरलेली अर्धी कच्ची म्हणून आंबट, आणि दोन्ही चवी एकाच कपात.

जुन्या बास्केटीतही हे होतच होतं. दोन तोंडांच्या दांड्यामुळे दिसत नव्हतं, एवढंच.

उपाय पूड भरण्यात आहे. दळलेल्या कॉफीतल्या गुठळ्या बारीक सुयांनी मोडा आणि सगळीकडे सारखी पसरा. जाडजूड टूथपिक किंवा काटा-चमचा नको, तो नुसत्या रेघा ओढतो. बाटलीच्या बुचात ०.३ ते ०.४ मिमीच्या चार-सहा सुया खोचल्या की घरचं अवजार तयार. अॅक्युपंक्चरच्या सुया छान चालतात. मग दांड्याला एक हलकी थाप, टॅम्पर सरळ आणि एकदाच. टॅम्पर तिरका पडला तर बाकी सगळी मेहनत वाया. टॅम्परवर जोर किती लावायचा याची चर्चा लोक फार करतात. थर दबेनासा झाला की थांबायचं, त्याहून जास्त काही नाही.

१०. आमचं बोअरचं पाणी आहे. बास्केटला काही होईल का?

बास्केटच्या आधी बॉयलरला होईल, आणि चवीला तर पहिल्याच दिवशी.

तुम्ही कुठे राहता त्यावर उत्तर बदलतं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाण्याचा काही भाग, तिथे भूजलात मीठ असतं. क्लोराइडवालं पाणी स्टीलला आणि अॅल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतं. तिथलं बोअरचं पाणी मशीनमध्ये कधीही घालू नका, उकळूनही नाही. उकळल्याने मीठ जात नाही, उलट वाढतं. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत प्रश्न फ्लोराइडचा आहे. तोही उकळून जात नाही, आरओ लागतो. बाकी काळ्या जमिनीच्या पट्ट्यात नुसतं जड पाणी असेल तर ते मशीनमध्ये पांढरा क्षार धरतं.

म्हणून बहुतेकांना आरओ आहेच. पण नुसतं आरओचं पाणी फार हलकं असतं. कॉफी तीक्ष्ण, आंबट लागते, आणि काही मशिनींना टाकीत पाणी आहे हेच कळत नाही, कारण त्यांचा सेन्सर पाण्यातल्या क्षारांवर चालतो. कॉफीसाठी जगभर मानला जाणारा मापदंड साधारण असा: जडपणा ५० ते १७५ पीपीएम, अल्कलिनिटी, म्हणजे आंबटपणा मारायची पाण्याची ताकद, ४० ते ७५ पीपीएम.

जिथे नुसतं जड पाणी आहे तिथे आरओच्या पाण्यात थोडं साधं गाळलेलं पाणी मिसळून काम भागतं. खारपाणात तसं करू नका. तिथे आरओच्या पाण्यात खायचा सोडा घाला, पण मापाने: अर्धा लिटर आरओच्या पाण्यात ५ ग्रॅम सोडा विरघळवून बाटली भरून ठेवा. मशीनच्या प्रत्येक एक लिटर पाण्याला त्यातलं १० मिली. म्हणजे लिटरला ०.१ ग्रॅम सोडा, साधारण ६० पीपीएम अल्कलिनिटी. चिमटीने अंदाजे घातला तर कॉफी साबणासारखी लागेल.

११. सायंकाळी व्होल्टेज पडते. तवा कॉफी आंबट लागते. बास्केटचा काही संबंध?

संबंध नाही, पण दोष तिच्यावरच येतो.

हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर हीटर ६१ टक्के ताकदीवर चालतो, म्हणजे १३५० वॅटची मशीन ८२५ वॅटची होते. गरम व्हायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो आणि एका कपानंतर सावरायलाही तितकाच. या मशिनींतला छोटा थरथरणारा पंपही कमी व्होल्टेजवर दाब कमी देतो. थंड पाणी आणि कमी दाब, दोन्हींचा निकाल आंबट कप.

कृषिपंप सुरू झाल्यावर दिवे पिवळे पडत असतील तर कॉफी सकाळी लवकर करा. नाहीतर मशीन वीस-पंचवीस मिनिटं तापू द्या, दांडा लावूनच, आणि दोन कपांमध्ये थांबा. स्टॅबिलायझर घ्यायचा तर २ केव्हीएच्या खाली नको, फ्रिजचा छोटा चालणार नाही. प्लग नेहमी १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटमध्ये. १३५० वॅट म्हणजे जवळपास ६ अँपिअर, लहान पिनचं सॉकेट वितळतं. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर मशीन लावू नका.

१२. लाइन गेली तं काय कराचं?

हाताच्या दाबावर चालणारी लिव्हर मशीन. फ्लेअर ५८ सारख्या मशीनला ५८ मिमीच्याच बास्केटी बसतात, तेव्हा घेतलेली बास्केट दोन्हीकडे कामाला येते. पाणी गॅसवर तापवायचं. फ्लेअरच्या लहान मॉडेलांची मापं वेगळी आहेत, त्यांना ही बास्केट बसणार नाही. फ्लेअर ५८ मध्ये मधला भाग गरम करायला वीज वापरतात. ती नसेल तर तो भाग उकळत्या पाण्याने आधी तापवून घ्या.

१३. मे महिन्यात सगळं बिघडते. असं का?

तीन कारणं.

आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि बिया त्या उन्हात कुरिअरच्या गाडीत, मग गोदामात पडून राहतात. उष्णतेने त्यांतला वायू आणि वास दोन्ही पटपट उडतात. एरवी भाजल्यावर आठ-पंधरा दिवस थांबा असं मी सांगतो, मे महिन्यात आलेलं पाकीट लगेच उघडा. उरलेल्या बिया हवाबंद डब्यांत, आठवड्या-आठवड्याच्या, फ्रीजरमध्ये ठेवा. डबा बाहेर काढला की खोलीच्या तापमानावर आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर बियांना घाम सुटतो. सारखी लाइन जाऊन फ्रीजर वितळत असेल तर त्याऐवजी कमी-कमी मागवा.

दुसरं, कोरड्या हवेत दळताना पूड ग्राइंडरला चिकटते, चोहीकडे उडते. दळण्याआधी बियांवर बोट ओलं करून एक थेंब फिरवा, बस.

तिसरं, पावसाळा लागला की हेच दळण हळू उतरायला लागतं. जूनच्या पहिल्या सरींनंतर क्लिक एक-दोनने बदलावा लागला तर घाबरू नका.

१४. मद्रासी फिल्टर कॉफीची पूड वापरली तर? अन् चिखलदऱ्याची?

मद्रासी पुडीत बहुतेक वेळा चिकोरी, म्हणजे एका रोपाचं भाजून दळलेलं मूळ, मिसळलेली असते. चिकोरीची पूड प्रिसिजन बास्केटीत नको. चिकोरी पाण्यात चटकन विरघळते आणि चिकट होते. एकतर धार अडते, नाहीतर गोडसर काळा पाक उतरतो, आणि बास्केटची भोकं धुवायला दुप्पट वेळ लागतो. ती पूड पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्येच शोभते. (तो फिल्टर असेल तर त्यात ही बास्केट बसवता येते का, असंही एकाने विचारलं होतं. नाही.)

चिखलदऱ्याची कॉफी आपल्या विदर्भाची, सातपुड्यावर सुमारे ११०० मीटर उंचीवर पिकलेली. तिच्याबद्दल मायेने विचारणारे बरेच. एस्प्रेसोला ती चालते, अट एकच: पूड नको, अख्ख्या भाजलेल्या बिया आणा. फिरायला गेलेले पाहुणे आणतात ती पुडी बहुतेक दळलेली असते, आणि दुसऱ्याच्या दळणावर प्रिसिजन बास्केट चालत नाही. बिया मिळाल्या तर भाजल्याची तारीख विचारा. फार काळ्या, तेल सुटलेल्या असतील तर ९३ ऐवजी ८८-९० अंशांवर काढून पाहा.

१५. घरी सगळ्यांना दूधवालीच लागते, तीही म्हशीच्या दुधाची. मग फरक कळेल का?

थोडासाच. म्हशीच्या दुधात ६-७ टक्के स्निग्धांश, त्यात दोन चमचे साखर. तिथे बास्केटमुळे झालेली सुधारणा शोधावी लागेल. गडद भाजणी आणि दूध हेच तुमचं कायमचं पेय असेल तर पैसे चांगल्या बियांवर घाला. बास्केटचा खरा उपयोग हलक्या-मध्यम भाजणीच्या, बिनदुधाच्या कॉफीत दिसतो.

दूधवाल्यांना एक गोष्ट मात्र मिळते: रोज सारखा कप. पाहुण्यांसमोर तेवढंही पुष्कळ असतं.

१६. आरओवाल्याकडच्या टीडीएस मीटरने कॉफीचं एक्स्ट्रॅक्शन मोजता येईल का?

नाही. एक्स्ट्रॅक्शन म्हणजे कॉफीतला किती भाग विरघळून कपात उतरला ते. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते पाहतो आणि क्षारांचा अंदाज देतो. कॉफीतले बहुतेक विरघळलेले पदार्थ वीज वाहून नेत नाहीत. कॉफीसाठी प्रकाश वाकण्यावर चालणारा रिफ्रॅक्टोमीटर लागतो. तो असेल तर हिशेब सोपा: १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅम उतरली आणि तिची तीव्रता १० टक्के आली, तर ३.६ ग्रॅम विरघळलं, म्हणजे एक्स्ट्रॅक्शन २० टक्के. घरी याची गरज नाही. आरओवाल्याचा मीटर प्रश्न १० साठी ठेवा.

१७. पक स्क्रीन आणि कागदाचा फिल्टर, हे पण सोबत घ्यायचं का?

पहिला महिना नको. पक स्क्रीन, म्हणजे कॉफीवर ठेवायची जाळी, वरची जाळी स्वच्छ ठेवते, पण जागा खाते. ती लावली की डोस कमी करून नाण्याची चाचणी परत करा (प्रश्न ५). तळाला कागद ठेवला की धार वेगवान होते आणि दळण आणखी बारीक लागतं. तोकड्या ग्राइंडरवाल्याची अडचण त्याने वाढतेच.

१८. साफ कशी करायची? सुईने भोकं मोकळी करू का?

सुई, टाचणी, तारेची घासणी यांपैकी काहीही तिच्याजवळ नेऊ नका. ज्या सारख्या भोकांचे पैसे दिले तीच वेडीवाकडी होतील.

प्रत्येक कपानंतर चोथा काढून गरम पाण्याने धुवा आणि फडक्याने कोरडी करा. जड पाणी भोकांत वाळलं की क्षार तिथेच बसतो, म्हणून कोरडी करणं महत्त्वाचं. आठवड्यातून एकदा कढत पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाकून अर्धा तास बुडवा, कॉफीचं तेल सुटतं. सोड्यात फक्त स्टीलची बास्केट. अॅल्युमिनियमचा दांडा त्यात घातला तर काळा पडेल. पांढरा क्षार दिसत असेल तर सोड्याऐवजी किराणा दुकानातलं लिंबूसत, लिटरभर गरम पाण्यात एक चमचा. दोन्ही एकत्र टाकू नका, एकमेकांना मारतात.

धुतल्यावर बास्केट उन्हाकडे धरून आतून पाहा. एखाद्या भागात उजेड येत नसेल तर परत बुडवा.

१९. बास्केट बसली, पण कडेने पाणी गळतं. जुन्या बास्केटने गळत नव्हतं.

हा प्रश्न उशिरा येतो आणि त्याला तीन वेगळी कारणं असतात.

आधी कड पुसा. दळण भरताना कडेवर पडलेले चार कण गळती करायला पुरेसे आहेत. तरी गळत असेल तर मशीनचं रबर, म्हणजे बास्केटची कड जिथे टेकते ती गोल चकती, तपासा. जुन्या बास्केटची कड वर्षानुवर्षे एकाच जागी टेकून रबरात खाच पडलेली असते. नव्या बास्केटची कड जरा वेगळ्या जाडीची किंवा व्यासाची असली की ती खाचेत बसत नाही. रबर नखाने दबत नसेल, लाकडासारखं कडक झालं असेल, तर बदलायलाच हवं. मशीनच्या मॉडेलचं नाव आणि मोजलेलं माप देऊन मागवा, कारण जाडी अर्धा मिमी चुकली तरी दांडा नीट फिरत नाही.

तिसरं कारण फसवं आहे. दळण फार बारीक झालं, पाण्याला खालून वाटच उरली नाही, म्हणून दाब कडेने निघतोय. हे ओळखायला बास्केट रिकामी लावून पाणी सोडा. रिकामी असताना गळत नसेल तर रबर ठीक आहे, ग्राइंडर दोन क्लिक मागे घ्या.